नोंदवहीतले पहिले नाव

रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर कोण, त्यांची पदवी कोणती, अनुभव किती, याची चौकशी आपण चार ठिकाणी करतो. रात्री दोन वाजता सलाईन बदलायला येणाऱ्या सिस्टरला मात्र तिचे शिक्षण कोणी विचारत नाही. ती वेळही विचारण्याची नसते. गणवेश दिसला की आपण हात पुढे करतो. खरे तर औषधाची मात्रा बरोबर आहे ना, ते त्याच रुग्णाला जाते आहे ना, रुग्णाचा श्वास तासाभरापूर्वीपेक्षा बदलला आहे का, हे सगळ्यांत आधी तिच्याच लक्षात यावे लागते. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा येऊन जातात, ती मात्र तिथेच असते.

आपला हा विश्वास एका सरकारमान्य नोंदवहीवर उभा आहे. ठरलेले शिक्षण आणि परीक्षा पूर्ण केल्याशिवाय तिच्यात नाव चढत नाही. गंभीर गैरवर्तन सिद्ध झाले तर चढलेले नाव काढूनही टाकता येते. आज ही गोष्ट साहजिक वाटते. पण ब्रिटनमध्ये ती मिळवायला तीस वर्षांहून अधिक काळ भांडावे लागले. हे भांडण ज्यांनी सुरू केले आणि शेवटपर्यंत लढवले त्या एथेल बेडफर्ड फेनविक. आणि विरोधात उभ्या असलेल्या लोकांमध्ये एक नाव होते साक्षात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचे.

चोविसाव्या वर्षी मेट्रन

एथेल गॉर्डन मॅन्सन यांचा जन्म २६ जानेवारी १८५७ रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य भागात, एल्गिन गावाजवळ झाला. घर खाऊन-पिऊन सुखी होते. त्या तान्ह्या असतानाच वडील वारले. पुढे आईने इंग्लंडमधल्या एका जमीनदार घराण्यातल्या जॉर्ज स्टोरर यांच्याशी लग्न केले. हे सावत्र वडील नंतर ब्रिटिश संसदेत निवडून गेले. त्यामुळे एथेल वाढल्या त्या नॉटिंगहॅम परगण्यातल्या मोठ्या घरात, राजकारणाच्या गप्पा ऐकत. अशा घरातल्या मुलीने नोकरी करायची गरज नव्हती आणि तशी पद्धतही नव्हती.

मात्र तो काळ बदलत होता. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली होती. त्याआधी आजाऱ्याची सेवा हे बहुतांशी मोलकरणीच्या दर्जाचे काम समजले जाई. नाइटिंगेल यांच्यामुळे शिकल्यासवरल्या घरातल्या मुलीही या कामाकडे वळू लागल्या. एकविसाव्या वर्षी, म्हणजे १८७८ मध्ये, एथेल नॉटिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात शिकाऊ परिचारिका म्हणून दाखल झाल्या. तिथून त्या मँचेस्टरच्या रॉयल इन्फर्मरीत गेल्या. जेमतेम वर्षभराचे शिक्षण झाले आणि लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतल्या लंडन हॉस्पिटलमध्ये वॉर्डच्या सिस्टर म्हणून त्या रुजू झाल्या.

१८८१ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाने त्यांची मेट्रन म्हणून निवड केली. बाराव्या शतकापासून चालत आलेले हे रुग्णालय, आणि तिथल्या सगळ्या परिचारिकांची प्रमुख अवघी चोवीस वर्षांची. तिथे त्यांनी वॉर्डची शिस्त बदलली, जेवणाखाणाची आणि राहण्याची व्यवस्था सुधारली आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे परिचारिकांचे शिक्षण तीन वर्षांचे केले. स्वतः वर्षभरात सिस्टर झालेल्या बाईंनी हा नियम करावा, यात विसंगती दिसेल. पण वर्षभराच्या शिक्षणात काय राहून जाते हे वॉर्ड सांभाळताना त्यांनी स्वतः पाहिले होते.

१८८७ मध्ये त्यांनी डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी लग्न केले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मेट्रनपद सोडले. रुग्णालयातली त्यांची नोकरी सहा वर्षांत संपली. पुढची साठ वर्षे त्यांनी एकही वॉर्ड सांभाळला नाही. पण लंडनमधल्या अप्पर विम्पोल स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरात, २० क्रमांकाच्या दारामागे, वेगळेच काम सुरू झाले.

गणवेश कोणीही शिवून घ्यावा

त्या काळातला प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. इंग्लंडमधले पैसेवाले लोक आजारी पडले तर रुग्णालयात जात नसत. डॉक्टर घरी येत आणि देखभालीसाठी संस्थेमार्फत नर्स बोलावली जाई. विषमज्वर, न्यूमोनिया, शस्त्रक्रियेनंतरची जखम, सगळे घरीच. ही नर्स खरोखर शिकलेली आहे की नाही, हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता. गणवेश कोणीही शिवून घेऊ शकत होते. रुग्णालयातून चोरीसाठी किंवा दारूसाठी काढून टाकलेली बाई दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेत नाव लावू शकत होती. दाखले होते, पण प्रत्येक रुग्णालयाचा दाखला वेगळा. कुठे तीन वर्षांच्या अभ्यासावर मिळे, कुठे एका वर्षावर, कुठे काही महिन्यांवर.

यात पैशाचाही भाग होता. रुग्णालयांचे बरेचसे काम शिकाऊ मुलींवर चाले, कारण त्यांना पगार नाममात्र असे. शिवाय काही रुग्णालये आपल्या परिचारिकांना खासगी घरी पाठवून त्याचे शुल्क स्वतः घेत. लंडन हॉस्पिटलमध्ये तर शिक्षण पुरे न झालेल्या मुलींनाही असे पाठवले जाते, अशी तक्रार १८९० मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या चौकशी समितीपुढे आली. घरचे लोक शिकलेल्या नर्सचे पैसे मोजत होते आणि दारात येत होती ती शिकाऊ मुलगी.

डॉक्टरांच्या बाबतीत हा प्रश्न १८५८ मध्ये सुटला होता. त्या वर्षीच्या कायद्याने सरकारमान्य वैद्यक परिषद आली आणि पात्र डॉक्टरांची एकच नोंदवही तयार झाली. दंतवैद्यांसाठी असा कायदा १८७८ मध्ये झाला. फेनविक यांचे म्हणणे साधे होते. जे डॉक्टरला लागू, ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेलाही लागू हवे. किमान तीन वर्षांचे शिक्षण, सगळ्यांना एकच परीक्षा, एकच नोंदवही, आणि ती राखणारी परिषद कायद्याने नेमलेली. या परिषदेत परिचारिकांचे बहुमत असावे, हाही त्यांचा आग्रह होता. रुग्णालय हे परिचारिकेचे मालक. मालकानेच दाखला द्यायचा आणि मालकानेच चूक झाकायची, हे त्यांना मान्य नव्हते.

१८८७ च्या अखेरीस त्यांच्या घरी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन ही संघटना जन्माला आली. राणी व्हिक्टोरियाची मुलगी हेलेना अध्यक्ष झाली. त्याच सुमारास हेन्री बर्डेट हे रुग्णालय-व्यवस्थापनातले वजनदार गृहस्थ एका वर्षाच्या शिक्षणावर नोंदणी द्यावी असे म्हणत होते. फेनविक यांनी ते धुडकावले. तीन वर्षांच्या खाली त्या उतरायला तयार नव्हत्या, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

नाइटिंगेल यांचा आक्षेप

आजच्या वाचकाला वाटेल की नाइटिंगेल यांनी या मागणीचे स्वागतच केले असेल. पण त्यांनी विरोध केला, आणि तो नुसता हट्ट नव्हता. चांगली परिचारिका ओळखायची ती तिच्या स्वभावावरून आणि रोजच्या कामावरून, असे त्यांचे मत होते. संयम, सचोटी, रुग्णाविषयीची कणव या गोष्टी लेखी परीक्षेत दिसत नाहीत. नोंदवहीत नाव चढले की उत्तम आणि सुमार दोघी एका ओळीत बसणार, आणि लोकांना त्या सारख्याच वाटणार. दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता. आज पात्र असलेली बाई दहा वर्षांनी तशीच राहील याची हमी नोंदवही देत नाही. ज्या शाळेने तिला शिकवले त्या शाळेच्या मेट्रनने तिच्यावर लक्ष ठेवावे, हा त्यांचा उपाय होता.

त्यांच्या बाजूला लंडन हॉस्पिटलच्या मेट्रन एव्हा लुकस होत्या, तिथले अध्यक्ष सिडनी हॉलंड होते, इतर अनेक मोठी रुग्णालये होती. यांतल्या काहींना तत्त्वाची काळजी होती आणि काहींना स्वस्त मनुष्यबळाची. १८९३ मध्ये फेनविक यांच्या संघटनेला राजसनद मिळाली, पण विरोधकांनी तिच्यातले मर्म काढून घेतले. संघटनेला परिचारिकांची नुसती यादी ठेवायची परवानगी मिळाली. कायद्याच्या बळाची नोंदवही मिळाली नाही. अशा यादीत नाव घालायची सक्ती नव्हती आणि नाव नसले तरी कोणाचे काम अडत नव्हते.

त्यानंतर संघटनाच हातातून निसटली. तिच्यात डॉक्टरांचे वर्चस्व वाढले, फेनविक दांपत्य बाजूला पडले आणि काही वर्षांत त्याच संघटनेने सरकारी नोंदणीच्या विरोधात मत दिले. दुसरी कोणी असती तर इथेच थांबली असती. फेनविक यांनी नव्या संघटना उभ्या केल्या. १८९३ पासून त्या एका नर्सिंग साप्ताहिकाच्या संपादक होत्या. पुढे त्याचे नाव ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंग झाले. विरोधकांना नावानिशी झोडपायला त्या कचरत नसत. त्यांच्या लेखणीने जेवढे सहकारी जोडले तेवढेच शत्रूही केले. १८९७ च्या ग्रीस-तुर्कस्तान युद्धात त्या ब्रिटिश परिचारिकांचे पथक घेऊन ग्रीसला गेल्या. १८९९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस ही जागतिक संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. भारतातल्या प्रशिक्षित परिचारिकांची संघटना १९१२ मध्ये या संघटनेची सदस्य झाली.

वसाहती पुढे, लंडन मागे

गंमत अशी, की जी गोष्ट लंडनला जमत नव्हती ती इतरांनी करून दाखवली. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीने १८९१ च्या वैद्यक कायद्यातच परिचारिकांच्या नोंदणीची सोय केली. न्यूझीलंडने १९०१ मध्ये केवळ परिचारिकांसाठी कायदा केला, आणि जानेवारी १९०२ मध्ये एलन डोहर्टी तिथल्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका झाल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९०३ मध्ये सुरुवात केली. खुद्द इंग्लंडमध्ये सुइणींसाठीचा कायदा १९०२ मध्ये आला. परिचारिका मात्र तशाच राहिल्या.

१९०४ मध्ये ब्रिटिश संसदेने या प्रश्नावर निवड समिती नेमली. समितीने साक्षी घेतल्या आणि १९०५ मध्ये नोंदणी व्हावी अशी शिफारस केली. सरकार हलले नाही. १९०८ मध्ये लॉर्ड अँपथिल यांनी मांडलेले विधेयक वरिष्ठ सभागृहात मंजूर झाले. हे अँपथिल त्याआधी मद्रासचे गव्हर्नर होते आणि काही महिने भारताचे हंगामी व्हाइसरॉयही होते. पण कनिष्ठ सभागृहात ते अडले. विधेयक यायचे, वेळ नाही म्हणून पडायचे, पुढच्या वर्षी पुन्हा यायचे, असे वर्षानुवर्षे चालले. फेनविक यांना त्याचे एक कारण स्पष्ट दिसत होते. परिचारिकांना मत नव्हते, आणि ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी संसदेकडे वेळ नसतो. म्हणून त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्याही खंद्या पुरस्कर्त्या होत्या.

नाइटिंगेल १९१० मध्ये वारल्या. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि सगळ्यांनाच प्रश्न नव्याने दिसला. जखमी सैनिकांच्या सेवेसाठी हजारो स्वयंसेविका रुग्णालयांत आल्या. त्यांच्यापैकी अनेकींचे शिक्षण प्रथमोपचाराच्या छोट्या अभ्यासक्रमापुरते होते. मनाने त्या मोठ्या होत्या, कष्टही त्यांनी अपार केले. पण युद्ध संपल्यावर तीन वर्षे शिकलेली नर्स कोणती आणि काही आठवडे शिकलेली स्वयंसेविका कोणती, हे लोकांनी कसे ओळखायचे? १९१६ मध्ये कॉलेज ऑफ नर्सिंग ही नवी संस्था निघाली आणि तिनेही स्वतःची नोंदवही सुरू केली. फेनविक यांचा तिच्यावर विश्वास नव्हता, कारण तिच्या मागे रुग्णालयांची मंडळी आहेत असे त्यांना वाटे. दोन्ही बाजूंनी आपापली विधेयके आणली. शेवटी आरोग्यमंत्री ख्रिस्तोफर ॲडिसन यांनी सरकारचे स्वतःचे विधेयक मांडले आणि २३ डिसेंबर १९१९ रोजी परिचारिका नोंदणीचा कायदा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी तिशीच्या वरच्या बहुसंख्य ब्रिटिश स्त्रियांना मताधिकार मिळाला होता.

जिंकल्यानंतरची हार

कायद्याने जनरल नर्सिंग कौन्सिल स्थापन झाली. पंचवीस सदस्यांपैकी सोळा परिचारिका, म्हणजे फेनविक यांना हवे होते तसे बहुमत. नोंदवही राखणे, शिक्षणाचे आणि परीक्षेचे नियम ठरवणे आणि गैरवर्तन करणाऱ्या परिचारिकेचे नाव काढून टाकणे, ही तिची कामे. ज्यांचे नाव काढले त्यांना न्यायालयात दाद मागता येत होती. नोंदणी नसताना नोंदणीकृत परिचारिका म्हणवून घेणे हा गुन्हा ठरला. ३० सप्टेंबर १९२१ रोजी इंग्लंड आणि वेल्सची नोंदवही उघडली आणि तिच्यात पहिले नाव लागले एथेल गॉर्डन फेनविक यांचे. तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या.

कहाणी इथे संपली असती तर ती सोपी झाली असती. पण नोंदवही चालवायची कशी, हा प्रश्न आता सुरू झाला. कायदा होण्याआधीपासून काम करणाऱ्या परिचारिकांना परीक्षेशिवाय नोंदणीची सवलत होती, त्यासाठी ठरावीक मुदत होती. अर्जांचे ढीग आले. नोंदणी समितीच्या अध्यक्ष फेनविकच होत्या. प्रत्येक अर्ज, प्रत्येक दाखला, त्यावरची प्रत्येक सही बारकाईने तपासल्याशिवाय नाव चढणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. चुकीचे एक नाव आत गेले तर नोंदवहीची किंमत गेली, असे त्यांना वाटे. इकडे मुदत संपत चालली होती आणि वर्षानुवर्षे इमानाने राबलेल्या हजारो परिचारिका ताटकळत होत्या. सहकारी वैतागले. १९२१ च्या अखेरीस परिषदेच्या अध्यक्षांसह अनेक सदस्यांनी राजीनामे दिले. आरोग्यमंत्र्यांना मध्ये पडावे लागले आणि नोंदणीची पद्धत सुटसुटीत करावी लागली.

त्यानंतर परिषदेची पहिली निवडणूक झाली. मतदार होत्या नोंदवहीतल्या परिचारिका, म्हणजे ज्यांना हा हक्क फेनविक यांच्या लढ्यामुळे मिळाला त्याच. त्यांनी फेनविक यांना निवडून दिले नाही. जी परिषद स्थापन व्हावी म्हणून त्यांनी आयुष्याची तीन दशके घालवली तिथे त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत.

या निकालात अन्याय होता तसा अर्थही होता. फेनविक यांच्या मनातली परिचारिका सुशिक्षित, चांगल्या घरातली, स्वतःचा खर्च काही काळ भागवू शकणारी होती. गिरणी कामगाराच्या घरातून आलेली, छोट्या रुग्णालयात शिकलेली मुलगी त्यांच्या चौकटीत बसत नसे. दर्जा राखण्याच्या आग्रहात वर्गाचा अहंकार मिसळला होता. १९४३ मध्ये सरकारने कमी शिक्षणाच्या सहायक परिचारिकांसाठी वेगळी नोंदवही सुरू केली, त्यालाही त्यांनी विरोधच केला. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि रुग्णालयांना माणसे मिळत नव्हती. त्यांची काळजी खोटी नव्हती. सहायकांना कमी पगारात पूर्ण परिचारिकेचे काम करायला लावले जाईल, ही शक्यता होतीच. पण ज्या बायका प्रत्यक्षात रुग्णांची सेवा करतच होत्या त्यांना नोंदवहीबाहेर ठेवले तर त्यांच्यावर देखरेख कोणाची, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

१९१९ च्या कायद्यात आणखी एक मोठी फट होती. तो पदवीचे रक्षण करत होता, कामाचे नाही. नोंदणी नसलेली बाई स्वतःला नोंदणीकृत म्हणवू शकत नव्हती, पण आजाऱ्याची देखभाल करून पैसे घ्यायला तिला कोणी अडवत नव्हते. सरकारी परीक्षाही लगेच सुरू झाल्या नाहीत, त्या १९२५ मध्ये आल्या. कायदा झाला म्हणून रुग्ण सुरक्षित झाला, असे एका दिवसात घडले नाही.

फेनविक मात्र थांबल्या नाहीत. १९२६ मध्ये त्यांनी ब्रिटिश कॉलेज ऑफ नर्सेस ही संस्था काढली. म्हातारपणीही त्या आपल्या नियतकालिकाचे संपादन करत राहिल्या. १३ मार्च १९४७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अप्पर विम्पोल स्ट्रीटवरच्या त्या घरावर आता त्यांच्या नावाची निळी पाटी आहे.

आपल्याकडची नोंदवही

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९४७ रोजी, स्वतंत्र भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. त्याआधी प्रांतांनी आपापले कायदे केले होते. मद्रासने १९२६ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९३५ मध्ये. पण प्रत्येक प्रांताचा दर्जा वेगळा होता. देशभर शिक्षणाचा दर्जा एक असावा म्हणून केंद्रीय परिषद आली. महाराष्ट्रात १९६६ चा परिचारिका कायदा आहे आणि त्याखाली राज्याची नर्सिंग परिषद काम करते. नाव नोंदवणे, ठरावीक काळाने त्याचे नूतनीकरण करणे, तक्रारीची चौकशी करणे आणि दोष सिद्ध झाल्यास नाव काढणे, ही कामे तिच्याकडे आहेत. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा केला, जो जुन्या केंद्रीय परिषदेच्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. आपल्याकडचा जीएनएम अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. फेनविक यांनी सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात धरलेला आकडाही तोच होता.

आणि व्हिक्टोरियाच्या काळातला तो घरगुती नर्सचा प्रश्न? तो आज आपल्या दारात उभा आहे. पक्षाघात झालेले वडील किंवा मांडीचे हाड मोडलेली आजी घरी आली की आपण ब्युरोला फोन करतो. दुसऱ्या दिवशी पांढरा किंवा निळा कोट घातलेली बाई येते. ती नोंदणीकृत परिचारिका आहे, काही महिन्यांचा कोर्स केलेली मदतनीस आहे, की नुसता अनुभव असलेली मावशी आहे, हे अनेकदा घरच्यांना माहीत नसते. अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे यासाठी प्रेमळ आणि सवयीची बाई पुरते, आणि तिच्या कामाचे मोल कमी नाही. पण इंजेक्शन देणे, नाकातून घातलेली नळी सांभाळणे, कॅथेटर बदलणे, जखमेचे ड्रेसिंग करणे, ही कामे शिकलेल्या हातांची आहेत. ब्युरोकडे नर्सचा नोंदणी क्रमांक मागण्यात अपमान कोणाचाच नाही. खऱ्या नर्सला तो सांगायला अडचण नसते. क्रमांक दिला तर नोंदणीची मुदत चालू आहे का, हेही विचारावे. छोट्या खासगी रुग्णालयातही हा प्रश्न विचारता येतो. आणि निष्काळजीपणाचा अनुभव आला तर तक्रार फक्त रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडेच करायची असते असे नाही, राज्याच्या परिषदेकडेही करता येते.

नाइटिंगेल यांचा आक्षेपही जुना झालेला नाही. एकदा मिळवलेली पात्रता आयुष्यभर टिकते का, हा तो प्रश्न. औषधे बदलतात, यंत्रे बदलतात, माणूस थकतो. ब्रिटनने त्यावर २०१६ पासून असे उत्तर काढले, की प्रत्येक परिचारिकेने दर तीन वर्षांनी किमान ४५० तास प्रत्यक्ष काम आणि ३५ तास नवे शिक्षण केल्याचे दाखवावे, मगच नोंदणी पुढे चालू राहील. म्हणजे नाव आत घेण्याचा फेनविक यांचा काटेकोरपणा आणि आत आलेल्यांवर लक्ष ठेवण्याची नाइटिंगेल यांची काळजी, दोन्ही शेवटी एकाच वहीत आल्या. आपल्याकडेही नूतनीकरणाची पद्धत आहे. ते नूतनीकरण नुसते शुल्क भरण्यापुरते राहते की त्या निमित्ताने परिचारिकेला खरोखर नवे शिकायला मिळते, यावर त्याची किंमत ठरते. एका वॉर्डात तीस-चाळीस रुग्ण एकटीवर सोपवलेल्या सिस्टरला शिकायला वेळ कुठून मिळणार, हे मात्र परिषदेइतकेच रुग्णालयालाही विचारायला हवे.

फेनविक यांचा स्वभाव गोड नव्हता, आणि त्यांचे सगळे निर्णय बरोबरही नव्हते. पण आजारी माणूस स्वतः चौकशी करू शकत नाही, म्हणून ती चौकशी आधीच कोणीतरी करून ठेवलेली असावी, हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखले आणि शेवटपर्यंत सोडले नाही. आपल्या घरी किंवा वॉर्डात येणाऱ्या सिस्टरचे नाव त्या नोंदवहीत आहे का, एवढी खात्री करून घेणे मात्र आपल्याच हातात आहे.